मांजरीमार्फत

फिजीतल्या त्या गावात सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही. हा नियम करणाऱ्यावर स्वतः तसं राहायची वेळ आली नसणार. सून लितियाना आणि तिचा म्हातारा सासरा सेमेसा घरातल्या मांजरीमार्फत बोलत.

"मांजरबाई, हिला सांग, माशाला मीठ कमी आहे."

"मांजरबाई, त्यांना सांग, जीभ म्हातारी झालीय."

मांजर मेली आणि घर मुकं झालं. वैतागून लितियानानं एकदा मासा मुद्दाम अळणी वाढला. सेमेसानं तो मुकाट्यानं गिळला.

दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या गावाहून एक पिल्लू शर्टात घालून घेऊन आला. तिच्यापुढे ठेवत म्हणाला, "बाळा, हिला सांग, कालच्या माशाला खरंच मीठ नव्हतं. त्याआधी कधीच कमी नव्हतं."