चपला

चौपदरी रस्त्यात आमचं बैठं घर गेलं, पण आईच्या लेखी ते तिथंच होतं. तिथल्या सिग्नलला गाडी थांबली की “उंबरठा आला,” म्हणत ती चपला काढायची आणि हिरवा दिवा लागल्यावरच पुन्हा घालायची. मागून हॉर्न वाजले की पुटपुटायची, “पाहुण्यांना कसली घाई एवढी!” पुढे मी रस्ते आखणाऱ्या खात्यात लागलो आणि नेमका तोच सिग्नल काढून उड्डाणपूल आखायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. आईला सांगायला जीभ रेटेना. पूल खुला झाला त्या दिवशी तिला शेजारी बसवून निघालो. गाडी चढाला लागली, तरी आईचे पाय चपलांतच. माथ्यावर पोचताच मात्र तिनं वाकून सावकाश चपला काढल्या. “आई, घर खाली राहिलं.” “कळतंय मला. तुझ्या बाबांना जन्मभर माडी चढवायची होती. चढवलीस हो.”