संविधानाचे नाणे

लहानगा अप्पाराव मिठासाठी दुकानाच्या पायरीखाली उभा राही, तेव्हा आई दर वेळी बजावायची, "हात वर नको करू, बाबा. वंजळ खाली धर. शेठ वरून टाकतेत, शिवत न्हाईत."

पुढे अप्पाराव मास्तर झाले. जाफराबादकडच्या खेड्यांतल्या कितीतरी मुलांकडून त्यांनी संविधानाची उद्देशिका तोंडपाठ करून घेतली आणि एक दिवस थकून निवृत्तही झाले. आज संविधान दिनी, त्यांच्याच गावात, संविधानाच्या पंचाहत्तरीचे नाणे देऊन त्यांचा सत्कार होता.

"जल्दी चला," त्यांची कॉलर नीट करत पत्नी बेबीनंदाबाई म्हणाल्या, "आन् फोटोत जरा हसा. मयतीला आल्यावानी तोंड नका करू."

मास्तर सावकाश मंचावर चढले. तरुण तहसीलदार बाईंनी मखमली डबीतले चकचकीत नाणे काढून दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरले. टाळ्या विरल्या, तरी नाणे बाईंच्याच हातात. फोटोवाला खोळंबला.

"सर, घ्या ना हातात," त्या हळूच म्हणाल्या.



अप्पारावांचे हात केव्हाचेच पुढे झाले होते. नाण्याच्या वीतभर खाली, ओंजळ धरून, ते वरून पडण्याची वाट पाहत होते.