पांढरे पडणारे पत्रे

"किल्ली ठेव इथं," शांतीलाल शेठ म्हणाले, "आणि उद्यापासून येऊ नको."

धनसिंगने गोडाऊनची किल्ली गल्ल्यावर ठेवली. धुळ्यातल्या या पत्र्यांच्या दुकानात त्याचे केस पिकले होते. आता या वयात त्याला दुसरं काम कोण देणार? तरी तो विनवण्या करत नव्हता, आणि त्यामुळे शेठ आणखी पेटत होते.

पावसाळा लागल्यापासून घरामागच्या गोडाऊनमधले कोरे करकरीत पत्रे पांढरे पडत होते. जस्ताच्या मुलाम्यावर भुकटी धरायची. गिऱ्हाईक तिच्यावर बोट फिरवायचं आणि सरळ समोरच्या नव्या दुकानात शिरायचं. शेठचा स्वभाव मुळातच संशयी. चहात साखर कमी पडली तरी त्यांना कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटायचं. इथे तर माल सडत होता.

त्यांचा मुलगा अनुज रसायनशास्त्र शिकलेला. त्याने बाभळीच्या सालीचा अर्क काढून पत्र्यांना फासला. अर्काचा पातळ थर जस्ताला धरून बसतो आणि गंज अडवतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जस्ताच्या पट्ट्या लखलखीत राहिल्या होत्या. गोडाऊनमध्ये मात्र पुन्हा भुकटी. "तुझ्या सालीत दम नाही," शेठ म्हणाले. ते अनुजला झोंबलं. त्याने भुकटी खरवडून कॉलेजात नेली, तपासली आणि आज सकाळी वडिलांसमोर उभा राहिला.

"पप्पा, हिच्यात मीठ आहे. मिठापुढे माझा थर टिकत नाही. आणि पावसाच्या पाण्यात एवढं मीठ नसतं. कोणीतरी मिठाचं पाणी मारतंय."

शेठना हेच ऐकायचं होतं. किल्ली एकाच माणसाकडे असायची.

"समोरच्या दुकानदाराने काय कबूल केलंय तुला?" त्यांनी धनसिंगला विचारलं.

"मी काहीबी करेल नही, शेठ."

"मग कोणी केलं? तुला सगळं माहीत आहे!"

धनसिंगने मान खाली घातली. "माहीत शे. पन माले सांगता येवाव नही. वचन देयेल शे."

"बघ!" शेठ अनुजकडे वळले. "तोंडाने कबूल करतोय." अनुजला फार वाईट वाटलं. याच धनसिंगने त्याला सायकलवर बसवून शाळेत पोचवलं होतं. पण पुरावा त्यानेच शोधून आणला होता. आता कोणत्या तोंडाने मध्ये पडणार?

तेवढ्यात घराकडच्या दारातून सुगनबाई आल्या. डोक्यावर पदर, हातात पाण्याने भरलेला तांब्या.

"धनसिंग, गोडाऊन उघड ना रे. किती वेळ उभी आहे मी तिथे."

अनुजने पुढे होऊन तांब्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. त्याचा चेहरा उतरला.

"आई, हे काय आहे?"

"आता विचारलंसच म्हणून सांगते, नाहीतर याचा कोणाजवळ उच्चार करायचा नसतो. धनसिंगलासुद्धा शपथ घातली होती मी." सुगनबाई नवऱ्याकडे वळल्या. "समोरच्याची नजर लागली, असं तुम्हीच म्हणालात ना? तेव्हापासून रोज सकाळी शिंपडते. काल तुम्ही फारच चिडलात, म्हणून आज दोन मुठी मीठ जास्त घातलंय."