सातवीचं जनित्र

तारेच्या गुंडाळीच्या टोकाशी सुती फीत दोनदा फिरवून तिचं शेपूट आतल्या अंगाला खोचलं होतं. गाठ होती, पण बोटाला लागत नव्हती. मंदाकिनीने पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिलं. अशी गाठ जमायला सातवीतल्या मुलीला आधी वीस वर्षं कारखान्यात काढावी लागली असती. घरी लोणच्याच्या बरणीच्या तोंडावरचा दादरा तिचा नवरा जयंत अशीच गाठ मारून बांधायचा.

टेबलावर पुठ्ठ्याची पाटी होती. हाताने फिरवायचं जनित्र. रजनी सक्सेना, सातवी ब.

"कसं झालंय?" मागून जयंतने विचारलं. तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. ऐन वेळी काही अडलं तर हाताशी असावा, असं सक्सेनासाहेबांनी सुचवलं होतं. सक्सेनासाहेब म्हणजे रजनीचे वडील, आणि जयंतच्या वाइंडिंग विभागाचे प्रमुख.

"तुम्ही तर म्हणाला होतात, फक्त तार द्यायचीय."

"तार दिली. मग म्हणाले, गुंडाळून पण द्या."

"निदान गाठ तरी वेगळी मारायची."

"हात तसाच वळतो गं." तो जरासा हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "मंदा, सोमवारी बढतीची यादी ठरतेय. आज तुझं विज्ञान काढू नकोस."

कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत यात लपवण्यासारखं काही नव्हतं. प्रदर्शनाला आलेले पालक मुलांची नावं वाचतच नसत. खाली वाकून जोडकाम बघत आणि म्हणत, हे सुतारखात्याचं, हे वेल्डिंगवाल्यांचं. गेल्या वर्षीच्या धरणाला तर कुणीतरी रंगखात्याचा हात ओळखून टाळ्या वाजवल्या होत्या. शाळेची विज्ञान शिक्षिका म्हणून मंदाकिनी नऊ वर्षं परीक्षक होती. नऊही वर्षं स्कूटरवर मागे बसून घरी जाताना ती म्हणाली होती, पुढच्या वर्षी मी बोलणार आहे. जयंत गिअर बदलत म्हणायचा, बोल की.

शेवटच्या टेबलाशी कांचन मालवीय उभी होती. तिच्यापुढे एक माठ, एक स्टीलचा लोटा, एक प्लास्टिकची बरणी आणि वहीचे कागद चिकटवून केलेला लांब आलेख. एकवीस दिवस, रोज तीन वेळा, तिन्ही भांड्यांतल्या पाण्याचं तापमान. शाई दोन जागी फुटली होती. कारखान्यातून आलेल्या दोन्ही परीक्षकांनी सजावटीला दहापैकी एकेक गुण दिला होता.

माठाची रेषा तेराव्या दिवशी एकदम वर गेली होती. मंदाकिनीने तिथे बोट ठेवलं.

"उस दिन बादल थे, मैडम. हवा में नमी थी. मटके ने काम ही नहीं किया," कांचन म्हणाली. "मम्मी बोलीं, मिटा दे, खराब दिखता है."

"फिर?"

"हुआ तो था ना, मैडम. कैसे मिटाती?"

मंदाकिनीने आलेखावरचं बोट उचललं. दिल्लीच्या प्रदर्शनाला शाळेतून एकच मुलगी जाणार होती.

"ताई, जल्दी करा हो." प्राचार्य पागे गुणपत्रक घेऊन आले. ते ग्वाल्हेरचे, घाई झाली की त्यांच्या मराठीत हिंदी शिरायची. "दोघांचे दस्तखत झालेत, तुमचाच बाकी आहे. शहरातून, एम. पी. नगरहून, पेपरवाला आलाय, त्याला फोटो घेऊन निघायचंय. रजनी पहिली, बस्स."

"एक प्रश्न विचारते तिला."

"आता कशाला?"

पण ती जनित्रापाशी पोचली होती. रजनी फोटोसाठी नवी रिबन बांधून उभी होती. शेजारी सक्सेनासाहेब तिचा टाय सारखा करत होते.

"बेटा, इसमें कितने फेरे हैं?"

रजनीने आधी वडिलांकडे पाहिलं. मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. मंदाकिनीने मान वळवली. पालकांच्या मागे उभा राहून जयंत छातीशी हात धरून बोटं दाखवत होता. दोन. मग चार. मग मूठ. बायको बघतेय हे दिसल्यावर त्याने तोच हात वर नेऊन केसांतून फिरवला.

"दो सौ चालीस," रजनी म्हणाली.

"शाबाश!" सक्सेनासाहेब म्हणाले.

"और फेरे बढ़ाएँ तो क्या होगा?"

आता कुणाचीच बोटं वर आली नाहीत. रजनीची मान खाली गेली. ती अगदी हळू म्हणाली, "मुझे तो चींटियों पर करना था, मैडम. हमारे आँगन में तीन तरह की हैं. मैंने गिनी भी थीं. पापा ने कहा, उसमें दिखेगा क्या."

सक्सेनासाहेब हसले. "अब चींटियों को कौन इनाम देता है, मैडम!"

आजूबाजूचे दोघेतिघे हसले. रजनीही हसली, वडिलांकडे बघून, उशिरा.

पाग्यांनी पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. फोटोग्राफर स्टुलावर चढला. जयंत गर्दीतून वाट काढत दोन पावलं पुढे आला होता. त्याने मान हलवली, नाही म्हणून, एकदाच.

मंदाकिनीने पेन घेतलं, टोपण लावलं आणि गुणपत्रकावर आडवं ठेवून दिलं.

"सर, मी सही करणार नाही," ती म्हणाली. मागच्या टेबलांपर्यंत ऐकू गेलं. "हे माझ्या मिस्टरांचं काम आहे. काम उत्तम आहे. पण ते सातवीत शिकत नाहीत."