नव्या यंत्राची जांभई

“कुणाचा विश्वास बसणार नाही, म्हणून मी शपथबिपथ घेतच नाही,” नाना म्हणाले. “दहा लाख नमुने तपासले. तेच जुन्या यंत्राला दिले, तेच नव्याला. उत्तरात एका अक्षराचा फरक नाही.”

डॉक्टरबाईंनी पेनचं टोपण काढलं, पण सही केली नाही. चार इस्पितळांची रक्तपेढी त्यांच्या हाताखाली होती. कोणत्या रोग्याला कोणती पिशवी चालेल, हे नानांच्या कंपनीचा प्रोग्राम सांगायचा, आणि तो अठरा वर्षं जुन्या यंत्रावर चालत होता. आज त्यांची सही झाली की जुन्याची वीज तोडायची आणि ते खाली उभ्या असलेल्या टेम्पोत चढवायचं, असं ठरलं होतं. वायरमन पक्कड घेऊन दाराशी उभा होता. त्याला घाई नव्हती. नाना बोलत असताना कुणालाच घाई नसे.

नव्या यंत्राचा प्रोसेसर वेगळ्याच जातीचा होता. जुन्याला कळणारी एकही ओळ त्याला कळत नव्हती. माहेरची बोली सासरी चालत नाही, तशातली गत. म्हणून नाना आणि त्यांच्या हाताखालचे पाच जण चौदा महिने खपले. सगळा प्रोग्राम नव्याने तयार केला, वरच्या मजल्यावर यंत्रात भरला आणि यंत्र खाली या खोलीत आणून जुन्याशेजारी बसवलं. त्याला तीन आठवडे झाले. पुढची तपासणी नानांनी वरूनच, आपल्या टेबलावरच्या पडद्यासमोर बसून केली.

“आणि तपासताना नवं मध्येच अडलं असतं तर?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“तजवीज आहे ना. ते गप्प बसलं की त्याचं काम आपोआप जुन्याकडे जातं. कुणाला कळतसुद्धा नाही. पण खरं सांगू? एकदाही तशी वेळ आली नाही.”

नाना खोटं बोलत नसत. फक्त खऱ्याला कधी एकटं घराबाहेर पाठवत नसत.

डॉक्टरबाईंनी नव्या यंत्रावर तळवा ठेवला. मग कान लावला. “गार आहे हो अगदी. आवाजही नाही.”

“गार? दहा लाख गणितं करून अंगाला घाम नाही. हे जुनं बघा. गिरणीसारखं घरघरतंय, शेजारी उभं राहिलं तर आपल्याला घाम फुटतो.”

“नाना, जांभईचं सांगा त्यांना,” कंपनीच्या मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी ते चारदा ऐकलं होतं.

“हां. तर जुन्याला एक खोड आहे. दुपारी दीड वाजता ते सगळ्या नोंदींची नक्कल काढतं, तेव्हा चार मिनिटं रेंगाळतं. आम्ही त्याला जांभई म्हणतो. नव्याला ही खोड आम्ही दिलेलीच नाही. पण पहिल्याच दिवशी दीड वाजला, आणि यानेही जांभई दिली. मोजून चार मिनिटं.”

“असं कसं होईल?” डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “शिकवलंच नाही, तर त्याला कळलं कसं?”

खरं तर हे कोडं नानांनाही पडलं होतं. पहिल्या दिवशी ते तासभर डोकं खाजवत बसले होते. मग त्यांना एक उत्तर सुचलं, आणि ते इतकं झकास होतं की खरं आहे का, हे बघायचं राहून गेलं.

“शेजार, दुसरं काय,” नाना म्हणाले. “ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला.”

मालकीणबाई पोट धरून हसल्या. वायरमनही हसला. डॉक्टरबाई अर्धवटच हसल्या.

“नाना, आज तीन वाजता माझ्याकडे एक सिझर आहे. बाईचा रक्तगट दुर्मीळ आहे. दोन पिशव्या तरी लागतील, आणि त्या तुमचं हे नवं यंत्र निवडणार. आता मला गोष्ट नको. एका वाक्यात सांगा, करू सही?”

एका वाक्यात बोलायची नानांना सवय नव्हती. त्यांनी एकदा जुन्याकडे पाहिलं, एकदा नव्याकडे.

“करा,” ते म्हणाले. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण जीभ थांबेना. “तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून बघितलंय मी. एक उत्तर चुकलं नाही, एक क्षण बंद पडलं नाही. आणि स्वभाव बघा, जुन्यासारखे दिवे मिचकावून मिरवत नाही. घरंदाज आहे.”

डॉक्टरबाईंनी सही केली. मालकीणबाईंनी वायरमनला मानेनेच खूण केली.

वायरमन पुढे आला. भिंतीवरच्या बोर्डाचं झाकण उघडून त्याने आत पाहिलं, मग वळून नव्या यंत्राच्या मागे वाकून पाहिलं. मग पक्कड खिशात घातली.

“नाना, तुमच्या गोष्टीत मी कधी तोंड घालत नाही,” तो म्हणाला. “पण या खोलीत लाइन एकच आहे. जुन्याची काढून ती आज नव्याला जोडायची, म्हणून तर मला बोलावलंत. मग तीन आठवडे हे चाललं कशावर?”