काठोकाठ पेला

मिशाल रियाधहून दोन साहेबांना घेऊन थेट माझ्या सासूच्या तंबूत आला. "आत्या, हा तंबू आमच्या रिसॉर्टमध्ये लाव. तू नुसतं बसायचं, लोक फोटो काढतील. या उंटांमागं धावून काय मिळतं तुला?"

सासूबाईंनी कॉफीचं भांडं उचललं. आम्हा वाळवंटातल्या भटक्या बदू लोकांत पाहुण्याला घोटभरच कॉफी ओततात. पेला काठोकाठ भरला, की त्यानं समजायचं, प्या आणि चालते व्हा. त्यांनी मिशालचा पेला सांडेपर्यंत भरला.

भाजलेली बोटं झटकत तो साहेबांना म्हणाला, "बघितलंत? आत्याचं मन केवढं मोठं!"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "याला अपमानसुद्धा कळत नाही, आणि हा जगाला बदू दाखवायला निघालाय!"