राक्षसाची बायको

वाचनालयातून पुन्हा फोन आला, तेव्हा ते पुस्तक परत करायला काढलं. मुखपृष्ठावर पोळ्या लाटणारा दोन डोक्यांचा राक्षस. सत्तरी उलटली तरी ह्यांना असलीच पुस्तकं लागायची. संधिवात झालेली भुतं काय, लोणचं घालणाऱ्या चेटकिणी काय!

हॉस्पिटलात न्यायला रिक्षा दारात उभी होती, तरी मी ह्यांना आधी दोन घास खायला लावले आणि भर मे महिन्यात कानाला मफलर गुंडाळला. तिथं हे पुस्तक वाचताना हे एवढे हसले, की नर्स धावत आली.

"काय आहे एवढं हसण्यासारखं?" मी विचारलं.

"घरी गेल्यावर वाचून दाखवतो," म्हणाले, आणि पानाचा कोपरा दुमडून ठेवला.

घरी मी एकटीच आले.

निदान कोपरा तरी सरळ करून द्यावा, म्हणून मी ते पान उघडलं. राक्षस गदा घेऊन युद्धाला निघाला होता आणि त्याची बायको दारात आडवी उभी होती. "आधी दोन घास खाऊन घ्या. युद्ध कुठं पळून जातंय? आणि मफलर गुंडाळा. चारही कानांना!" राक्षस गदा भिंतीला टेकवून मुकाट्यानं पाटावर बसला. बाहेर शत्रूचं सैन्य ताटकळत उभं राहिलं, तेव्हा तिनं त्यांचीही पानं घेतली.

मला खुदकन हसू आलं आणि मग ते आवरेना. डोळे पुसत मी आतल्या खोलीकडे वळून मोठ्यांदा विचारलं, "अहो, मी अशी ओरडते होय?"